डिस्कची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे : कार्यालयीन साठवण सर्व्हरच्या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयाचे कार्यालय, परीक्षा विभाग व ग्रंथालय यांचे दप्तर आता मुख्यतः संगणकावर आहे. गुणपत्रके, प्रवेशाच्या याद्या, मूल्यांकनाची कागदपत्रे यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला की बहुधा एकच उपाय सुचवला जातो : चार हार्डडिस्क बसवलेला नेटवर्क साठवण सर्व्हर उभारावा. २००५ मध्ये फ्रीनॅस या नावाने सुरू झालेली व आज ट्रूनॅस म्हणून ओळखली जाणारी मोफत प्रणाली वापरल्यास हे काम अल्प खर्चातही होते. हा उपाय उपयुक्त असला तरी त्यालाच 'बॅकअप' म्हणण्याची जी रूढी पडली आहे, तिची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

'रेड'ची मूळ मांडणी

अशा सर्व्हरचा आधार म्हणजे 'रेड' ही डिस्कची समूहरचना होय. १९८८ मध्ये बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी ती एका शोधनिबंधात मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त लहान डिस्क वापराव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यातील अडचणही त्यांनीच दाखवली. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरल्यास १०० डिस्कच्या समूहात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, एखादी डिस्क बिघडणार. म्हणून जादा डिस्कवर पूरक माहिती ठेवण्याच्या पाच पातळ्या त्यांनी सुचवल्या. डिस्क बिघडली तरी काम अखंड चालावे, हा या रचनेचा हेतू. चुकून पुसलेली फाइल परत मिळवून देण्याचे आश्वासन तिने कधीच दिलेले नाही. ते आपण तिच्या पदरी बांधले आहे.

तिचे मूळ आश्वासनही आज पूर्वीइतके भक्कम नाही. ४ टेराबाइटच्या चार डिस्कची 'रेड ५' रचना घेऊ. एक डिस्क निकामी झाल्यास नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या तिन्हींवरील १२ टेराबाइट माहिती वाचावी लागते. अनेक साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात सुमारे १२.५ टेराबाइट वाचनामागे एक न वाचता येणारा भाग ही कमाल मर्यादा दिलेली असते. शिवाय एकाच बिलावर घेतलेल्या चारही डिस्कचे वय सारखेच असते.

तीन घटना, तीन उणिवा

पहिली उणीव पुसले जाण्याची. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरील सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, नष्ट झाल्या. १४ संशोधनगटांना याची झळ बसली व त्यांपैकी चार गटांची माहिती परत मिळू शकली नाही. डिस्क बिघडली नव्हती. बॅकअपसाठीचीच आज्ञावली चालू असताना बदलली गेली आणि जुन्या नोंदी पुसण्याऐवजी ती मूळ फाइली पुसत गेली. समूहातील प्रत्येक डिस्कने ती आज्ञा निमूट पाळली.

दुसरी उणीव स्थळाची. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहितीकेंद्रास आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांच्या 'जी-ड्राइव्ह' या साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती गेली. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती.

तिसरी उणीव पडताळणीची. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मुख्य माहितीसंच चुकून पुसला गेला. बॅकअपसाठी योजलेल्या पाच उपायांपैकी एकही भरवशाचा निघाला नाही. रोजची प्रत आवृत्तीभेदामुळे तयारच होत नव्हती आणि तसे कळवणारे ईमेलही नाकारले जात होते. अखेर वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेल्या प्रतीने निभावले.

उभारणीचा निकष

यावरून सर्व्हर उभारूच नये, असे म्हणावयाचे नाही. तो कसा उभारावा, एवढाच प्रश्न आहे. कार्यालयातील संगणकांना सर्व्हरवर थेट लिहिण्याची मुभा न देता सर्व्हरनेच त्यांच्याकडून प्रत ओढून घ्यावी. असे केल्यास एखाद्या संगणकात शिरलेले खंडणीखोर सॉफ्टवेअर जुन्या प्रतींपर्यंत सहजी पोहोचत नाही. ठरावीक वेळी घेतलेले, केवळ वाचता येणारे स्नॅपशॉट काही महिने राखावेत. एक प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या गावी, असावी. यांतील बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा शिस्त अधिक लागते.

आणि नेमकी हीच शिस्त आपल्या व्यवस्थेत कोठे नोंदली जात नाही. खरेदी समिती दरपत्रके तपासते, सर्व्हर डेडस्टॉक रजिस्टरात चढतो, आणि काम संपले असे मानले जाते. फाइल परत मिळवून पाहिल्याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नसते.

समारोप

बॅकअप ही वस्तू नसून कृती आहे, आणि तिची कसोटी साठवण्यात नव्हे तर परत मिळवण्यात आहे. प्रत्येक सत्रात एकदा, तीन महिन्यांपूर्वीची एखादी गुणपत्रिका सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीखेरीज दुसऱ्या कोणी परत मिळवून दाखवावी व त्यास लागलेला वेळ लिहून ठेवावा. ज्या महाविद्यालयाकडे अशी एकही नोंद नाही, त्याच्याकडे सर्व्हर असेल. बॅकअप आहे, असे म्हणता येणार नाही.