कव्हर पाठ आहे

रेकॉर्डच्या बाबतीत माणसांचे दोनच प्रकार असतात : कव्हर पुढून बघणारे आणि मागून वाचणारे. पहिल्या प्रकारात रसिक, चित्रकार, कवी आणि नुकतीच लग्नं झालेली जोडपी येतात. दुसऱ्यात आम्ही बँकवाले. कागद हाती आला की आधी तो उलटा करायचा, ही सवय आम्हाला पोटापाण्याने लावली आहे. चेकवर पुढच्या बाजूला कुणीही ऐटीत सही ठोकतो; खरा मामला मागच्या बाजूला असतो. तेव्हा मला गाण्यातलं कितपत कळतं, याबद्दल ज्यांना शंका घ्यायची असेल त्यांनी ती खुशाल घ्यावी. (घरचे सगळे घेतात.) पण कव्हरच्या पाठीबद्दल बोलण्याचा माझा अधिकार मान्य करावा, एवढीच विनंती.

आमच्या धायरीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा ते इकडे आले. येताना कपाटं भावाला दिली, भांडी बहिणीला दिली, आणि रेकॉर्डी तेवढ्या टेम्पोत स्वतःच्या मांडीवर घेऊन आणल्या. प्लेअर केव्हाच बंद पडलाय. तरी दर रविवारी काका रेकॉर्डी बाहेर काढतात, मऊ फडक्याने कव्हरं पुसतात आणि एकेक न्याहाळत बसतात. जिन्यात भेटले आणि "काय काका, आज काय ऐकलंत?" असं विचारलं, की ते शांतपणे सांगतात, "आज भीमसेन पाहिले."

यात हसण्यासारखं काही नाही. गाणं कानातून आत जातं आणि वाऱ्यावर विरून जातं. मागे राहतं ते कव्हर. एका पिढीला गवयाचा चेहरा कळला तो कव्हरवरून. सवाई गंधर्वला मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसणाऱ्याला गवई दिसतो तो अंगठ्याएवढा. घरी बारा इंच लांब आणि बारा इंच रुंद असा अख्खा गवई मांडीवर घेऊन बसता यायचं. हे सुख सवाईच्या सीझन पासातही नाही.

पण सुरुवातीला हे काहीच नव्हतं. जुनी ७८ची तबकडी यायची ती साध्या कागदी पाकिटातून. पाकिटाला मधोमध भोक, त्या भोकातून लेबल दिसणार. ज्याची तबकडी असेल त्या गवयाचं चित्र नाहीच, चित्र होतं ते कुत्र्याचं! कर्ण्यात तोंड घालून मालकाचा आवाज ऐकणारा तो कुत्रा फ्रान्सिस बॅरॉड नावाच्या चित्रकाराने काढला, आणि १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र आणि हक्क मिळून १०० पौंडांना विकत घेतला. कुत्र्याचं नाव निपर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कव्हर नव्हतं, तर गाणाऱ्याचं नाव कळायचं कसं? गाणाराच सांगायचा! १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत. तिथल्या माणसांना गाणारी कोण ते कळावं, म्हणून बाईंनी गाणं संपताच स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगितलं. लोक त्याला ठसका म्हणतात. मला त्यात शुद्ध व्यवहार दिसतो. पैसे भरल्यावर पावतीवर शिक्का मारून घ्यावा, तसा बाईंनी आवाजाचा शिक्का मारून घेतला.

पुढे बोलपट आले, आणि तबकडीवर नाव छापायची सोय असूनही नाव छापायचं नाही, अशी प्रगती झाली. 'महल' हा चित्रपट १९४९चा. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! गायली लता मंगेशकर, आणि जमा झालं कामिनीच्या खात्यावर. आमच्या बँकेत एखाद्याने अशी एक नोंद केली असती, तर चौकशी समिती बसली असती आणि बिचारा निवृत्तीपर्यंत खुलासे लिहीत राहिला असता. रेडिओला श्रोत्यांची पत्रं गेली, तेव्हा कुठे खरं नाव बाहेर आलं.

मग लाँगप्लेचा जमाना आला आणि कव्हरला अंग फुटलं. अमेरिकेत ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुणाने १९४० पासून तबकड्यांच्या बांधीव पुठ्ठ्यावर चित्रं काढायला सुरुवात केली होती. ते वारं यथावकाश आपल्याकडेही पोहोचलं. आपल्या कव्हरांच्या ढोबळमानाने तीन जाती. पहिली चित्रपटाची. हिच्यावर नायक-नायिका. ज्याने आयुष्यात एक सूर लावला नाही तो पुढे, आणि ज्याने सगळे लावले तो मागच्या बाजूला बारीक टायपात. दुसरी जात वाद्यसंगीताची. हिच्यावर डोंगर, ढग, नाहीतर मावळता सूर्य. वाजवणारा माणूस तासन्‌तास घाम गाळतो तो जणू हवामान खात्यासाठी.

तिसरी जात शास्त्रीय गायकांची, आणि जीव अडकतो तो हिच्यात. डोळे मिटलेले, एक हात हवेत, हिऱ्याची कुडी नाहीतर शालीचा काठ चमकतोय. फोटो अप्रतिम, वादच नाही. पण जरा नीट बघा. कडेने तंबोऱ्याचा दांडा आत आलेला असतो. तो दांडा कुणीतरी धरला असणार की नाही? तंबोरा काही स्वतःहून बैठकीला येत नाही. पण ते कुणीतरी चौकटीच्या बाहेर. आलाच तर एक कोपर आत येतं. तासभर सूर धरून बसलेल्या माणसाच्या वाट्याला इतिहासात एक कोपर!

हे कर्ज फेडण्याची जागा म्हणजे कव्हरची पाठ. तिथे छान इंग्रजीत घराण्याची वंशावळ, रागाची वेळ, गायकाची तालीम, आणि शेवटी एका ओळीत : तबला अमुक, हार्मोनियम तमुक. १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. ती काढली एच.एम.व्ही.तले ग. ना. जोशी यांनी. म्हणजे मराठी भावगीत पहिल्याप्रथम तबकडीवर आणणाऱ्यांतले तेच वकीलसाहेब. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. शब्द एकही नाही, त्यामुळे ही गोष्ट सांगायची ती कव्हरवरच्या मजकुराने. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार ब्रिजभूषण काब्रा. ही तीन नावं पुण्यात रिक्षावालाही सांगेल. (मीटरचा आकडा सांगणार नाही, पण ही सांगेल.) तबल्यावर कोण होतं? माणिकराव पोपटकर. मेंढपाळाचा अख्खा दिवस या गृहस्थांनी लयीत चालवला. मी बऱ्याच जाणकारांना हे नाव विचारून पाहिलं; ते छताकडे बघतात. कुत्र्याचं नाव मात्र त्यांना ठाऊक असतं.

त्याच १९६७ साली तिकडे लंडनमध्ये बीटल्सचं 'सार्जंट पेपर' निघालं. जगातलं सर्वांत बोलबाला झालेलं हे कव्हर. पुढे इतकी गर्दी, की धायरी फाट्यावर संध्याकाळी सात वाजता उभं राहिल्यासारखं वाटतं. त्यात योगानंदांसकट चार भारतीय योगी आहेत, पायाशी लक्ष्मीची मूर्ती आहे. गांधीजीही होते, पण भारतात राग ओढवेल, या धास्तीने ई.एम.आय.च्या अध्यक्षांनी त्यांना काढायला लावलं. लक्ष्मी राहिली आणि गांधी गेले. आमच्याकडे कॅश काउंटरवर हे दोघं एकमेकांवाचून राहूच शकत नाहीत. पण मी त्या कव्हरला मार्क देतो ते पाठीबद्दल : मागे सगळ्या गाण्यांचे शब्द छापले होते, आणि तेव्हा ते नवलच होतं. दोन वर्षांनी 'ॲबी रोड'. ८ ऑगस्ट १९६९ला छायाचित्रकार शिडीवर चढला, पोलिसाने रहदारी थांबवली, चौघे झेब्रा पट्ट्यांवरून एका रांगेत चालत गेले, आणि सहा फोटोंत काम झालं. सिंहगड रस्त्यावर चार माणसं अशी रांगेत गेली असती, तर सहा फोटोंपैकी शेवटच्यात किती उरली असती कोण जाणे! या कव्हरवर पुढे नावच नाही, ना बँडचं ना रेकॉर्डचं. नाव मागच्या बाजूला. एवढ्या मोठ्या लोकांनाही शेवटी पाठच उपयोगी पडली.

माझी पिढी कॅसेटची. कव्हर बारा इंचांवरून तळहातावर आलं. तरी आतला घडीचा कागद उलगडला, की मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत का होईना, तबलजी भेटायचा. आता गाणं फोनमध्ये गेलं. चित्र अंगठ्याच्या नखाएवढं, आणि पाठ नाहीच! काचेला कुठली पाठ? मी तीन टिंबं दाबतो, खाली सरकतो, आणखी काही दाबतो. जुन्या मैफलीच्या साथीदारांचं नाव सापडलं तर नशीब.

"अहो, गाणं ऐका ना! काय शोधताय मघापासून?" आमच्या सौ. विचारतात.

"तबला कोण वाजवतंय ते."

"वाजतोय ना? मग झालं तर!"

बहुतेक जगाचं हेच मत आहे. तबला वाजतोय, लाइट येतोय, पासबुकात एंट्री पडतेय, मग झालं तर. करणारा कोण, याच्याशी कुणाला काय करायचंय? पण ते बारीक टायपातलं एका ओळीचं नाव म्हणजे त्या माणसाची त्या दिवसाची हजेरी होती. चेहरे टिकतील, चेहऱ्यांची काळजी घ्यायला कॅलेंडरं आहेत, पुतळे आहेत, चौकांची नावं आहेत. कोपरांची काळजी घेणारी एकच जागा होती, ती पुठ्ठ्याची होती आणि ती रद्दीत चालली आहे.

म्हणून माझी एक व्यवहारी सूचना आहे. साधं बचत खातं उघडायचं तर आम्ही माणसाला आधार, पॅन, फोटो आणायला लावतो, वर सही जुळत नाही म्हणून परत पाठवतो. हे केवायसी एकदा गाण्यांनाही लागू करावं. तबला कोण, पेटी कोण, तंबोऱ्याला कोण बसलं होतं, एवढं भरून दिल्याशिवाय गाणं फोनवर चढवायचं नाही. तोवर ज्यांच्या माळ्यावर रेकॉर्डी असतील त्यांनी त्या एकदा खाली काढाव्यात. वाजवता आल्या नाहीत तरी चालेल. उलट्या करून वाचाव्यात.