'संगीत शारदा'चा नाशिक येथील प्रयोग : नाट्यसमीक्षेतील एक दुर्लक्षित बाजू

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ मध्ये रंगभूमीवर आणले. कालदृष्ट्या ते व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीतले, वसाहतीतले नाटक होय. देवलांच्या सात नाटकांपैकी हे एकच स्वतंत्र. उर्वरित सहा संस्कृत किंवा युरोपीय कृतींवर बेतलेली आहेत. आपल्या अभ्यासक्रमांत त्याची ओळख जरठ-कुमारी विवाहाचा निषेध करणारे सामाजिक नाटक अशी, आणि बहुधा तेवढीच, करून दिली जाते. प्रस्तुत लेखात संहितेऐवजी त्याच्या एका प्रयोगाचा विचार केला आहे.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग योजला होता. बदली होऊन निघालेले कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त तो होता. त्याच नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आले.

ही घटना नाशिकात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मात्र क्रांतिकार्याच्या इतिहासात 'शारदा' केवळ स्थळाची खूण म्हणून येते, तर देवलांवरील समीक्षेत ही रात्र जवळजवळ येतच नाही. दोन्ही अभ्यासशाखांनी परस्परांकडे पाठ फिरवली, असेच म्हणावे लागेल.

कलेक्टरच्या निरोपाला हेच नाटक का चालले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. त्यांनी जमवलेल्या लोकसाहित्याच्या आधारे एन्थोव्हेन यांनी पुढे गुजरात व कोकणावरील ग्रंथ सिद्ध केले. एतद्देशीयांच्या रूढींविषयी कुतूहल बाळगणाऱ्या अशा अधिकाऱ्यासमोर कांचनभट आपल्या मुलीचा सौदा करतो, हे दृश्य राज्यकर्त्यांना अडचणीचे नव्हते. उलट, समाजाचे दोष समाजानेच मांडावेत आणि राज्यकर्त्यांनी ते सहानुभूतीने पाहावेत, अशी ती सोय होती. शिवाय नाटकातील पेच शेवटी सुटतो तो शंकराचार्यांच्या संमतीने. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पेटलेला वाद ताजा असताना देवलांनी धर्मपीठाकडून न्याय मिळवून दिला, त्यामुळे सुधारक आणि त्यांचे विरोधक दोघेही या नाटकाला टाळ्या देऊ शकले. हे देवलांचे चातुर्य खरे, पण नाटकाची मर्यादाही तीच आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

खाडिलकरांचे 'कीचकवध' याच्या नेमके उलट टोकाला उभे आहे. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या पौराणिक नाटकातील कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये, म्हणजे नाशिकच्या घटनेमागोमाग, सरकारने त्यावर बंदी घातली. गोळ्या झाडल्या गेल्या त्या 'शारदा'च्या प्रसंगी. बंदी आली ती 'कीचकवधा'वर. राज्यकर्त्यांच्या लेखी सामाजिक नाटक निरुपद्रवी आणि पौराणिक नाटक संशयास्पद होते. ही विभागणी आपल्या वाङ्मयेतिहासानेही फारशी न तपासता स्वीकारली. परिणामी 'शारदा'च्या प्रेक्षागृहात कोण कोणासाठी बसले होते, हा राजकीय प्रश्न समीक्षेबाहेर राहिला.

जाता जाता एका समजाचा उल्लेख आवश्यक वाटतो. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक 'शारदा कायदा' या नाटकावरून ओळखला जातो, असे व्याख्यानांतून आजही ऐकू येते. वस्तुतः ते नाव अजमेरच्या हरविलास सारडा यांचे आहे. त्या कायद्याने मुलीसाठी १४ व मुलासाठी १८ ही किमान वये ठरवली. वधूवरांच्या वयांतील अंतराविषयी काही ठरवले नाही. मुलीने १४ वर्षे पूर्ण केली असती, तर पाऊणशे वयाच्या भुजंगनाथाला त्या कायद्याने बोहल्यावरून उतरवता आले नसते.