उतार आणि पठार

स्टीव्हन्स आणि डान यांच्या २००० सालच्या शोधनिबंधातल्या एका रेषेवर माझा फार जीव आहे. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात त्यांनी ग्लुकोजची साधी साखर सुमारे १००० अंश सेल्सिअसला हवेविना तापवली, उरलेल्या कोळशात सोडियम बॅटरीच्या सेलमध्ये सोडियम भरले आणि भरताना व्होल्टेज कसे उतरते ते टिपले. रेषा एक व्होल्टच्या आसपासून सावकाश घसरत येते. ०.१ व्होल्टच्या खाली गेली की आडवी होते आणि शून्याच्या कडेकडेने लांबवर जात राहते. एकूण साठवण दर ग्रॅमला सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास. लिथियमसाठी ग्राफाइट ३७२ पर्यंत जाते. सोडियमला मात्र तेच ग्राफाइट दारातही उभे करत नाही. हे लक्षात घेतले की त्या ३००चे मोल कळते.

साखरेचा हा कोळसा म्हणजे हार्ड कार्बन: कितीही तापवा, त्याचे ग्राफाइट होत नाही. असे कार्बन असतात, ३००० अंशांनाही ते नमत नाहीत, हे रोझलिंड फ्रँकलिनने १९५१ सालीच दाखवले होते. त्याचे पापुद्रे पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून उभे असतात आणि मधे पोकळ्या राहतात. रेषेचा आकार या रचनेतूनच आला आहे. स्टीव्हन्स-डान यांच्या वाचनाप्रमाणे उतारावर सोडियम वेड्यावाकड्या पापुद्र्यांमध्ये शिरते. तिथली प्रत्येक जागा वेगळी, म्हणून व्होल्टेज एका जागी ठरत नाही. पठारावर ते पोकळ्यांत साचते. तिथे सोडियमला सोडियमचाच शेजार मिळतो, आणि म्हणून व्होल्टेज सोडियम धातूच्या शून्याला येऊन भिडते. याचा पुरावाही देखणा आहे: चालू सेलमधून क्ष-किरण सोडले, तेव्हा पोकळ्यांमुळे त्यांचे होणारे विखुरणे पठारावर ओसरत गेले. पोकळ्या भरत होत्या!

उताराच्या अर्थावर पुढे वाद झाले. उतारावर सोडियम पापुद्र्यांतल्या दोषांना चिकटते, पापुद्र्यांमध्ये ते पठारावर शिरते, असे काहींचे म्हणणे. मला पठारच अधिक खुणावते, कारण हार्ड कार्बन सुधारण्याची बरीचशी धडपड ते लांबवण्यासाठी चालते. त्यासाठी पोकळी हवी, पण बंद. उघड्या पोकळीत इलेक्ट्रोलाइट घुसते, तिथे विघटन पावते आणि पहिल्याच चार्जिंगमध्ये थोडे सोडियम कायमचे अडकवून ठेवते. कार्बन बनवताना तापमान चढवले की पोकळ्यांची तोंडे मिटतात, उतार आखडतो, पठार वाढते.

२०२१ साली टोकियोत कोमाबा या संशोधकांच्या गटाने याच गोष्टीला हात घातला. कार्बनमध्येच मॅग्नेशियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण घडवले, आम्लाने ते धुऊन काढले आणि रिकाम्या जागांसह तो कार्बन १५०० अंशांना तापवला. साठवण ४७८! ग्राफाइटच्या ३७२लाही मागे टाकणारी, आणि तीही मुद्दाम कोरलेल्या पोकळ्यांच्या बळावर. या विषयात याहून सुंदर कारागिरी मी वाचलेली नाही.

तरीही ४७८वर भाळून उताराला कमी लेखू नये. पठार शून्याच्या इतके जवळ आहे की घाईने चार्ज केल्यास सोडियम पोकळीत जाण्याऐवजी पृष्ठभागावर धातू म्हणून जमू लागते, आणि त्यातून शॉर्टसर्किटचा धोका उद्भवतो. उतारावर ही भीती कमी. तिथे सोडियम ये-जाही झपाट्याने करते. रोज घाईत चार्ज होणाऱ्या रिक्षेसाठी मी थोडी साठवण सोडून लांब उताराचा कार्बन निवडेन. सौर विजेच्या संथ साठ्यासाठी मात्र लांब पठाराचा.