‘प्रजा’ शब्दाची द्व्यर्थता आणि जन्मसिद्ध नागरिकत्व : वऱ्हाडच्या निमित्ताने

वऱ्हाडातील खेड्यात अनोळखी मुलाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोनाचा व्हय रे तू?’ असा. मुलगा बापाचे नाव सांगतो आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. या प्रश्नातील षष्ठी विचार करण्याजोगी आहे. आपल्या वैयाकरणांनी षष्ठीचे जे अनेक संबंध सांगितले आहेत, त्यांत जन्यजनकभाव आणि स्वस्वामिभाव हे दोन प्रमुख होत. ‘देवदत्ताचा पुत्र’ येथे पहिला आहे, ‘देवदत्ताचे शेत’ येथे दुसरा. प्रत्यय एक, संबंध भिन्न. ‘भारताचा नागरिक’ या प्रयोगातील षष्ठी यांपैकी कोणती, की दोहोंहून निराळी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

‘प्रजा’ या शब्दात हे दोन्ही संबंध एकत्र नांदतात. मूळ धातू ‘जन्’, अर्थ संतती. पुढे तोच शब्द राजाच्या सत्तेखालील लोकांना लागला, आणि ‘मायबाप सरकार’ हा आपल्या परिचयाचा प्रयोग त्याच कल्पनेतून आला. प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादातही हीच कल्पना युक्तिवादाचे रूप घेऊन येते. अथेन्सचे कायदे मूर्तिमंत होऊन सॉक्रेटिसाला सांगतात की, आम्हीच तुला जन्म दिला, वाढविले, शिकविले. म्हणून तू आमचे अपत्य आहेस आणि दासही. जन्यजनकभावावरून स्वस्वामिभाव काढण्याचा हा प्रयत्न होय. तो तर्कदृष्ट्या टिकत नाही. बाप पुत्राचा जनक असतो, धनी नव्हे. कालिदासाची दृष्टी येथे अधिक सूक्ष्म वाटते. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीपाला प्रजेचा पिता म्हटले आहे ते त्याने केलेल्या शिक्षण, रक्षण आणि पोषण यांमुळे. जन्मदाते केवळ जन्माला कारण ठरतात. पितृत्वाचा आधार तेथे जन्म नसून कर्तव्य हा आहे. अर्थात कायद्यांच्या युक्तिवादाला आणखी एक बाजू आहे : प्रौढ झाल्यावर कोणालाही नगर सोडून जाण्याची मुभा होती, जो राहिला त्याने संमती दिली. परंतु ही संमती प्रौढाची आहे. जन्माच्या क्षणाविषयी ती काहीच सांगत नाही.

प्लेटोच्या युक्तिवादात नगर एकच आहे, हे गृहीत धरलेले असते. वऱ्हाडच्या इतिहासाने ते गृहीतक मोडून काढले. १८५३ च्या तहाने हा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १९०२ च्या कराराने तो दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायम पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला. सार्वभौमत्व मात्र निजामाचेच मानले जात होते. तेव्हा १९२० साली अमरावतीस किंवा अकोल्यास जन्मलेले मूल कोणाचे? धनी हैदराबादेस, कारभारी नागपुरास. आणि पट्टा करताना दोघांनीही त्याच्या आईबापांना विचारले नव्हते.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने ४७ व्या कलमात या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते मननीय आहे. त्या कायद्यात सम्राटाच्या प्रजेचा उल्लेख येईल तेथे निजामाची बेरारी प्रजाही अंतर्भूत समजावी. अपवाद फक्त राजनिष्ठेच्या शपथेचा. हेतू राजकीय सोयीचा होता, हे उघड आहे. तथापि त्यातून एक तत्त्व नकळत मान्य झाले : कायद्यातील स्थान आणि धन्याविषयीची निष्ठा या दोन वस्तू वेगळ्या करता येतात. माणूस कोणाचा आहे हे न ठरवताही कायदा त्याला आपल्या कक्षेत घेऊ शकतो.

येथे लॉकचे मत आठवते. मूल कोणत्याही राज्याचे प्रजाजन म्हणून जन्मत नाही. समज येईपर्यंत ते पित्याच्या अधिकाराखाली असते, नंतर स्वतंत्र होते, असे त्याचे प्रतिपादन. मात्र पित्याचा हा अधिकार तरी कसा? आपल्या १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पिता नैसर्गिक पालक आणि त्याच्या ‘नंतर’ माता, असा क्रम आहे. १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे ‘मृत्यूनंतर’ असे न मानता ‘अनुपस्थितीत’ असा अर्थ केला. एका कालवाचक अव्ययाचा अर्थ बदलला, कारण पालकत्वाचे अधिष्ठान मुलाचे हित आहे, हे ओळखले गेले. घरातील षष्ठी अशा रीतीने स्वस्वामिभावापासून दूर सरकत आहे.

राज्याची षष्ठी मात्र उलट दिशेने गेली, असे खेदाने म्हणावे लागते. संविधानाच्या ५ व्या कलमाने, भारतात अधिवास असलेल्या माणसाच्या बाबतीत, जन्मकाळी तेथे सार्वभौम कोण होते हे विचारलेच नाही. जन्मभूमी भारताच्या राज्यक्षेत्रात आहे का, एवढेच पाहिले. वऱ्हाडच्या बेरारी प्रजेचा प्रश्न त्या एका वाक्याने मिटला. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने, थोडे अपवाद वगळता, भारतात जन्मलेल्या प्रत्येकास नागरिक मानले. पुढे १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी नागरिक असण्याची अट आली, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, हीही अट पडली. ‘कोनाचा व्हय रे तू?’ हा प्रश्न आता कायदाच विचारू लागला.

जन्मस्थान ही आकस्मिक गोष्ट आहे, तिच्यावर नागरिकत्व का ठरावे, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. परंतु आईबाप तरी कोणी निवडले आहेत? दोन आकस्मिकतांत भेद एवढाच की, भूमीच्या निकषात मुलावर कोणाचा दोष येत नाही; आईबापांच्या निकषात त्यांनी केलेल्या उल्लंघनाचे फळ जे मूल तेव्हा अस्तित्वातही नव्हते त्याला भोगावे लागते. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, त्याच्या ७ व्या अनुच्छेदात मुलाला जन्मापासून नाव आणि राष्ट्रीयत्व मिळविण्याचा हक्क सांगितला आहे. राष्ट्रीयत्व तेथे मुलाचे आहे. मूल राष्ट्राचे नव्हे.

‘भारताचा नागरिक’ येथील षष्ठी म्हणून जन्यजनकभावाची नाही आणि स्वस्वामिभावाची तर नाहीच. तिला रक्ष्यरक्षकभाव म्हणावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्या राज्याच्या कायद्याखाली मूल जन्मते त्या राज्यावर त्याच्या रक्षणाचे ऋण जन्मतःच चढते. त्या मुलाकडून निष्ठेची अपेक्षा करावयाची तर ती ऋण फिटल्यावर, आणि तीही त्याला कळू लागल्यावर.