बालवाचकाची कसोटी

मुलांसाठीं पुस्तकें लिहितात तीं मोठीं माणसें, छापतात तीं मोठीं माणसें आणि विकत घेतात तींही मोठींच. त्यामुळें पुस्तक चांगलें कीं वाईट, हा निकालही बहुधा मोठ्यांच्याच पंगतींत लागतो. ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्याचें मत विचारलें तर जातें तें गंमत म्हणून. बालवाङ्मयावरील आपली बरीचशी टीका पोकळ राहते, याचें मूळ या रीतींत आहे, असें आम्हांस वाटतें.

ज्या धाराशिव नगरींत, तिचें नांव उस्मानाबाद असतांना, जानेवारी २०२० मध्यें ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, तेथील एका बारा वर्षांच्या मुलीनें सुटींत तीन पुस्तकें वाचलीं व त्यांविषयींचीं आपलीं मतें आम्हांपुढें मोकळेपणानें मांडलीं. तीं येथें देत आहों तीं तिच्या कौतुकासाठीं नव्हे. त्यांत विचार करण्याजोगें बरेंच आहे म्हणून.

पहिलें पुस्तक अर्थातच ‘श्यामची आई’. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहावयास घेतलेलें व १९३५ मध्यें प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक आजही घरोघरीं आढळतें. पोहावयास जाण्यास भिणाऱ्या श्यामला आई मारते आणि मागाहून त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात, हा प्रसंग आमच्या वाचिकेस सर्वांत खरा वाटला. “मारते तीही तीच आणि रडते तीही तीच,” असें ती म्हणाली. पण लागलीच तिनें तक्रार केली: “गोष्ट कळल्यावर श्याम ती पुन्हा समजावून कां सांगतो? आम्हांला कळली नाहीं, असें त्याला वाटतें का?” येथें गुरुजींच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे, कीं बोलणारा श्याम आतां लहान राहिलेला नाहीं, तो आपल्या आश्रमांतील सोबत्यांना रात्रीं आठवणी सांगत आहे, आणि आईच्या स्मृतीनें गहिंवरलेला माणूस दोन शब्द अधिक बोलतोच. तथापि तक्रार सर्वथा खोटी नाहीं. आईचे भरून आलेले डोळे दिसल्यावर वाचकाला आणखी कशाची गरज उरत नाहीं.

दुसरें पुस्तक भा. रा. भागवत यांच्या ‘फास्टर फेणे’ मालेंतील. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश पुण्यास शिकतो, सायकल दामटतो आणि नको तेथें नाक खुपसून संकटें ओढवून घेतो. तें पुस्तक तिनें एका बैठकींत संपविलें. मोठ्यांची वाट न पाहतां पोरगा आपलें डोकें चालवितो, हें तिला फार आवडलें. मात्र तो दर वेळीं सुटणार हें आधींच ठाऊक असतें, म्हणून खरी भीति वाटत नाहीं, असा तिचा आक्षेप. तो आम्हांस मान्य नाहीं. साहसकथेचा आनंद नायक सुटतो कीं नाहीं यांत नसून तो कसा सुटतो यांत असतो. भागवतांना हें पक्कें ठाऊक होतें. पण तिच्या दुसऱ्या उद्गारानें आम्हांस थांबविलें: “मी इतका वेळ सायकलवर घराबाहेर राहिलें तर घरांत निराळीच गोष्ट सुरू होईल.” ही टीका भागवतांवर नाहीं. ती आपल्या घरांवर आहे, आणि तिचें उत्तर लेखकानें नव्हे तर आईबापांनीं द्यावयाचें आहे.

तिसरें ल. म. कडू यांचें ‘खारीच्या वाटा’. साहित्य अकादमीचा २०१७ चा बालसाहित्य पुरस्कार या कादंबरीस मिळाला. धरणाच्या पाण्याखालीं जाणाऱ्या गांवाची ही मुलाच्या डोळ्यांनीं पाहिलेली हकीगत. पाण्यासाठीं आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या जिल्ह्यांतील मुलीला पाण्यानें गांव बुडतो हें प्रथम नवलाचें वाटलें. पण तिचें आजोळ लोहारा भागांतलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे झालेल्या भूकंपांत तिकडचीं दगडमातीचीं माळवदें कोसळलीं आणि कित्येक गांवें उठून नव्या जागीं वसलीं. पुस्तक मिटल्यावर तिनें आजीला विचारलें, “जुन्या गांवांत आपली विहीर कोठें होती? शेजारीं कोण राहत असे?” आजी त्या दिवशीं बराच वेळ बोलत राहिली. आजवर घरांत हा विषय कोणी काढीत नसे.

एखाद्या पुस्तकानें नातीला आजीपाशीं नेऊन बसवावें, यापरतें अधिक मोठें प्रशस्तिपत्र कोणता टीकाकार देणार? त्या पुस्तकानें दुःख लपविलें नाहीं आणि त्यावर प्रवचनही केलें नाहीं. म्हणूनच वाचणारीला आपल्या घरचें दुःख विचारण्याचें धैर्य आलें.

शेवटीं तिनें एक प्रश्न केला. श्याम कोंकणचा, फेणे पुण्याकडचा; मग नळदुर्ग, परंडा, तेर या बाजूच्या मुलांची कादंबरी कोणती? तिच्या हातीं तरी ती अद्याप आलेली नाहीं. हा प्रश्न आम्ही आमच्या लेखकबंधुभगिनींच्या स्वाधीन करतों. आणि पालकांना एवढीच विनंति, कीं मुलाच्या हातून पुस्तक खालीं ठेवलें जातांच “तात्पर्य काय?” असें दरडावून विचारूं नये. “तुला तें खरें वाटलें का?” असें विचारावें आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.