‘ओढले जाणे’ आणि ‘उतरणे’ : दूरस्थ राष्ट्रांच्या युद्धप्रवेशाची मराठी परिभाषा

दुसऱ्या महायुद्धावरील मराठी लेखनात ‘३ सप्टेंबर १९३९ रोजी हिंदुस्थान युद्धात ओढला गेला’ अशा घाटाचे वाक्य इतके रुळलेले आहे, की त्याकडे थांबून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. इतिहासदृष्ट्या ते असत्य आहे असेही म्हणता येत नाही. तथापि ‘जाणे’ या सहायक क्रियापदाने साधलेल्या कर्मणी प्रयोगात कर्ता वाक्याबाहेर राहतो. ‘कडून’ लावून त्याला परत आणता येते, परंतु तसे क्वचितच केले जाते. ओढणारा हात दिसेनासा झाला म्हणजे ‘वणवा भडकला’, ‘ठिणगी पडली’, ‘झळ लागली’ या निसर्गघटितांच्या पंक्तीत युद्धही जाऊन बसते.

वस्तुतः त्या दिवशीचा कर्ता अज्ञात नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी निर्वाचित नेत्यांना वा कायदेमंडळाला न विचारता हिंदुस्थान युद्धमान असल्याची घोषणा केली, आणि याच कारणावरून पुढे प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्याच आठवड्यात साम्राज्याच्या इतर घटकांनी काय केले ते पाहिले म्हणजे क्रियापदाचा भेद स्पष्ट होतो. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ब्रिटन युद्धात आहे, म्हणून आपणही आहोत, असे जाहीर केले. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत ८० विरुद्ध ६७ मतांनी निर्णय झाला. कॅनडाने आपल्या संसदेच्या संमतीने १० सप्टेंबरला स्वतंत्र घोषणा केली. या सर्वांहून रणभूमीला जवळ असलेले आयर्लंड मात्र अखेरपर्यंत तटस्थ राहिले. तेव्हा कोणते राष्ट्र युद्धात जाते हे अंतरावर ठरत नाही. युद्धाचा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यावर ते ठरते.

कोल्हापूर संस्थानापुरते पाहिले तर हा अधिकार १९३९ च्या फार पूर्वी हातून गेला होता. १८१२ च्या तहान्वये मालवण इंग्रजांकडे गेले, आणि कंपनीच्या संमतीवाचून अन्य सत्तेशी युद्ध न करण्याचे बंधन दरबाराने पत्करले. जो युद्ध सुरू करू शकत नाही त्याला ते नाकारताही येत नाही, हा त्या कलमाचा न लिहिलेला उत्तरार्ध होय. १२७ वर्षांनंतर जे घडले त्याला ‘ओढले जाणे’ म्हणणे म्हणूनच अपुरे वाटते. दोर कधीच बांधून झाला होता. १९३९ साली त्याला केवळ ताण बसला.

याच्या उलट बाजूस ‘उतरणे’ आहे. अमेरिका युद्धात ‘उतरली’ असेच बहुधा लिहिले जाते. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तो ७ डिसेंबर १९४१ रोजी, आणि ११ डिसेंबरला जर्मनीनेच अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. ओढले जाणे येथे अधिक शोभले असते! पण ‘उतरणे’ हा शब्द आखाड्यातला आहे. लांग कसून, अंगाला माती लावून मल्ल हौद्यात उतरतो, तो स्वेच्छेने; खासबागेच्या गावात हे निराळे सांगावयास नको. बलिष्ठांना सकर्तृक क्रियापद आणि दुबळ्यांना कर्मणी प्रयोग, अशी ही वाटणी नकळत झालेली असली तरी निरर्थक नाही.

परंतु कर्मणी प्रयोग केवळ जुलूम करणाऱ्यालाच लपवितो असे नाही. राजीखुशीने गेलेल्यालाही तो लपवितो. पहिल्या महायुद्धात शाहू छत्रपतींनी सैन्यभरतीस सक्रिय उत्तेजन दिले होते. सहाव्या, म्हणजे पुण्याच्या, डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसापोटेमियात लढल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा येथे शरणागती झाली तेव्हा मराठा शिपाईही कैद झाले. खेड्यातील बोलीत असा माणूस ‘लढाईवर गेला’. कामावर, चाकरीवर, शेतावर यांतील हा ‘वर’ प्रत्यय फार बोलका आहे. त्यात ओढाताणही नाही आणि आखाड्याचा आवेशही नाही. पगार, पेन्शन आणि घरची कोरडवाहू जमीन यांचा हिशेब आहे. ग्रांथिक मराठीने हा प्रयोग उचलला नाही, हे तिचे नुकसानच म्हटले पाहिजे.

एका शब्दाचा विचार अद्याप राहतो. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश लोकांची छावणी होती. त्यांत स्त्रिया व मुले यांचा भरणा अधिक. पूर्व पोलंड सोव्हिएत सैन्याने व्यापल्यावर १९४० पासून त्यांना आगगाड्यांत भरून सैबेरिया व कझाकस्तान येथे धाडण्यात आले, आणि १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका होऊन इराणमार्गे ते येथवर पोहोचले. त्या काळी कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन राजा होता. पोलंडचे युद्ध अशा रीतीने पंचगंगेच्या खोऱ्यात येऊन राहिले. मराठीत या लोकांना ‘निर्वासित’ म्हणतात. संस्कृतात या कृदन्ताचा अर्थ ‘ज्याला घालवून दिले आहे तो’ असा प्रयोजक आहे. म्हणजे घालवून देणारा त्यात गृहीत धरलेला आहे. मराठीत तो ‘आसरा शोधीत आलेला’ इतकाच उरला, आणि येथेही कर्ता गळाला. पुढे पोलिश कुटुंबे निघून गेल्यावर फाळणीमुळे सिंधमधून आलेल्या लोकांची त्याच जागी वसाहत झाली. तिचे नाव गांधीनगर पडले. तिच्या रहिवाशांनाही प्रारंभी हाच शब्द लागला.