राहून गेलेली मजा

लघुचित्रांचे वर्ग सध्या जोरात आहेत. दोन-तीन तासांची कार्यशाळा असते. छापील बाह्यरेषा, अ‍ॅक्रिलिकच्या डब्या आणि बारीक ब्रश हातात येतो आणि संध्याकाळी जो तो एकेक बणीठणी घेऊन घरी जातो. निहालचंदने अठराव्या शतकाच्या मध्यास किशनगडात घडवलेला तो चेहरा, कमानदार भुवई, कानाकडे ओढलेला डोळा, टोकदार हनुवटी, आता चहाच्या ट्रेवरही दिसतो. त्यावर नाक मुरडायचं कारण नाही. कुणी हौसेनं रंग हातात घेतला तर बरंच आहे. तक्रार एवढीच की या वर्गांत लघुचित्रातला मजेचा भाग गाळला जातो आणि दुसऱ्यानं काढलेल्या रेघांत रंग भरायचं कंटाळवाणं काम तेवढं उरतं.

मजा कागदापासून सुरू होते. हातकागदाचे थर खळीनं एकावर एक चिकटवायचे, कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, वाळल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटायचं. ही झाली वसली. तिच्यावर ब्रश टेकला की लगेच कळतं, साधा ड्रॉइंग पेपर हाताला किती अडवत होता! मग खाका, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, मग डिंकात कालवलेल्या अपारदर्शक रंगाचे सपाट थर. मधेच चित्र पालथं घालून मागून घोटायचं. सुलटं केलं की कोरडा, खडूसारखा दिसणारा रंग आतून उजळल्यासारखा दिसतो. माझ्या मते या छंदातला सर्वांत मोठा आनंद इथे आहे, आणि कार्यशाळेत त्याला वेळच नसतो. शेवटी खुलाई, म्हणजे कडेची रेघ, आणि परदाज: गालावरची, मानेवरची छाया केसाएवढ्या तुटक रेघांनी भरणं. परदाज करताना श्वास आपोआप मंदावतो. लोक त्याला हल्ली ध्यान वगैरे म्हणतात. मला त्यात ध्यानापेक्षा कारागिरीचा हट्ट जास्त दिसतो.

दुसऱ्या टोकाला शुद्धतावादी आहेत. त्यांना खनिज रंगच हवेत, खारीच्या शेपटीचाच ब्रश हवा. पण हरताळात आर्सेनिक असतं, हिंगुळात पारा, जुन्या सफेद्यात शिसं. जेवणाच्या टेबलावर चित्रं काढणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये. मुंगसाच्या केसांचे ब्रश तर कायद्यानंच बंद आहेत. पोट भरलेलं आणि टोक एका केसाचं, असा कृत्रिम केसांचा ब्रश मिळाला की पुष्कळ झालं.

जयपूर-उदयपूरच्या बाजाराची गोष्ट वेगळी. तिथल्या कारागिरांचा हात थक्क करतो, पण गिऱ्हाईक मागतं तेच हत्ती, उंट आणि राधाकृष्ण जुन्या स्टॅम्पपेपरवर रंगवून द्यावे लागतात. पोटासाठी हे करणाऱ्याला दोष कसा देणार? पण हौशी माणसाला कुणाचं बंधन आहे? गुलेरच्या नैनसुखनं जसरोट्याच्या बलवंतसिंहाला दाढी कोरून घेताना रंगवलं. दरबाराच्या थाटाइतकीच घरगुती वेळ त्याला चित्राजोगी वाटली. लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये 1980च्या दशकात बशीर अहमद यांनी लघुचित्रणाचा पदवी अभ्यासक्रम उभा केला. तिथे विद्यार्थी आधी कसून नक्कल करत. त्याच वर्गातल्या शाहझिया सिकंदरनं 'द स्क्रोल'मध्ये लांबट पट्टीवर एक घर मांडलं आणि त्याच्या खोल्यांतून पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी फिरवली. आपल्याकडे गुलाममोहम्मद शेख आणि नीलिमा शेख यांनी बडोद्यात लघुचित्राच्या रचनेकडून खूप घेतलं. हौशी चित्रकारांच्या वह्यांत मात्र अजून आपली गॅलरी, सोसायटीचा जिना, भाजीवाली फारशी दिसत नाही. नकलेची पायरी हवीच, पण तिथेच मुक्काम कशाला?

आणि नक्कलच करायची तर राजस्थानच का? पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात अहमदनगरची 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही सचित्र पोथी आहे, सोळाव्या शतकातली. तिच्यातल्या राणी खुंजा हुमायूनच्या आकृती पुढे राजकारणापायी पुसल्या गेल्या, तरी दख्खनी रंगांचा धीटपणा लपत नाही. आणि सावंतवाडीला गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांची कला, आहे. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मनावर घेतलं म्हणून ती कला टिकली. आज तिथल्या राजवाड्यात कारागीर गंजिफा रंगवतात. खेळणारे जवळजवळ संपले, पत्ते दिवाणखान्यात गेले. ही खंत आहेच, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीनं गंजिफेसारखी शाळा नाही, असं मला वाटतं. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं. म्हणजे एकूण 120 गोल चकत्या. नवशिके सगळे थेट राजावर झडप घालतात, कारण तो देखणा असतो. खरी तालीम साध्या पानांत आहे. मत्स्याचा रंग घेतला तर एका माशापासून दहा माशांपर्यंत जायचं, दर वेळी तेवढ्याच वर्तुळात, आणि दाटी झाली तरी एकही मासा चेंगरता कामा नये. अशा दहा पानांवर मिळून 55 मासे होतात. पहिल्या पाच-सहांचे डोळे फिसकटतात, विसाव्याच्या आसपास शेपटीची रेघ एका झटक्यात यायला लागते, आणि दश्शीचं पान होईतो हात कुठे थांबायचं ते शिकलेला असतो. राजा रंगवायला घ्यायचा तो त्यानंतर.